सोवळे आणि कृपा

माणूस देवापुढे नीतिमान ठरतो तो स्वतःच्या पुण्याईने नव्हे, तर निव्वळ कृपेने आणि विश्वासाच्या द्वारे, असे सोळाव्या शतकात ल्यूथरने जर्मनीत ठासून सांगितले. पवित्रीकरण हे त्या कृपेचे फळ. झाड आधी, फळ मागाहून. १८३१ साली नगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, ठाण मांडणारे अमेरिकन मिशन काही ल्यूथरपंथी नव्हे. पण एवढ्या मुद्द्यावर त्याची शिकवण तीच.

मराठी कानाला 'कृपा' हा शब्द शिकवावा लागत नाही. ज्ञानेश्वरी सांगितली गेली ती याच जिल्ह्यातल्या नेवाशाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक तर आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असेच सांगत. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला.

लक्ष्मीबाईंची गोष्ट निराळी, आणि मला तीच अधिक मोलाची वाटते. काही काळाच्या ताटातुटीनंतर त्या पतीकडे आल्या त्या आपले सोवळेओवळे बरोबर घेऊनच. टिळकांनी बळजबरी केली नाही. नगर जिल्ह्यातल्या त्या संसारात जातीचा विटाळ बाईंच्या मनातून हळूहळू गळाला, आणि त्यानंतर, १९०० साली, त्यांचा बाप्तिस्मा झाला. म्हणजे शास्त्राच्या क्रमाने पाहावे तर फळच आधी दिसले! उपदेशक म्हणेल, मुळाशी कृपा होतीच, ती डोळ्यांना दिसत नव्हती एवढेच. म्हणेना बापडा. 'स्मृतिचित्रे'त बाई या वादात शिरत नाहीत. सोवळ्यापायी झालेली स्वतःची फजिती मात्र त्या हसत हसत सांगतात.