मातीच्या सारापासून ‘वेगळ्या निर्मिती’पर्यंत : सूरह अल्-मुअ्मिनूनच्या तीन आयतींवर भाष्य

सूरह अल्-मुअ्मिनून हा कुराणाचा तेविसावा अध्याय. त्याच्या बाराव्या ते चौदाव्या आयतींत माणूस कसा घडतो याचा क्रम आला आहे. इस्लाम आणि जीवविज्ञान यांचा विषय निघाला की बहुतेक वेळा याच आयती पुढे केल्या जातात. एक पक्ष म्हणतो, सगळं गर्भविज्ञान इथे चौदाशे वर्षांपूर्वीच सांगून झालं आहे. दुसरा म्हणतो, ग्रीक वैद्यकाच्या पलीकडे यात काही नाही. दोघांनाही निकालाची घाई आहे. इथे त्या आयतींचा आशय तुकड्यातुकड्याने घेतला आहे.

हे वाचन पुणे जिल्ह्यातल्या शिक्रापूरच्या परिसरातून करायला कारण आहे. जवळच वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचं ग्रामीण केंद्र आहे. डॉ. बानू कोयाजी यांनी १९७०च्या दशकात तिथल्या कामाचा पाया घातला. याच रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि पुढे त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. घोड नदीपलीकडे श्रीगोंद्याला सतराव्या शतकात शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला. माणूस मुळात कसा, हा प्रश्न या टापूला नवा नाही.

१. मातीच्या सारापासून माणसाची निर्मिती (आयत १२)

माती म्हणजे आदम, असं बहुतेक भाष्यकार मानतात. काहींच्या मते हा निर्देश प्रत्येक माणसाकडे आहे, कारण अन्न मातीतून येतं आणि अन्नातून देह. रसायनशास्त्राच्या आधाराने शरीरातलं लोह, कॅल्शियम, फॉस्फरस मोजून आयत ‘सिद्ध’ करण्याची हौस अलीकडची आहे. त्याने सिद्ध काहीच होत नाही, कारण तीच मूलद्रव्यं बैलातही आहेत आणि बाभळीतही. आयतीचा रोख वेगळा आहे. माणसाचं मूळ हलकं आहे, त्याने ताठू नये, हा तो रोख. विज्ञान या ओळीला प्रमाणपत्र देऊ शकत नाही. पण अन्नाकडे पाहणाऱ्या भाष्यकारांचा मुद्दा मात्र इथल्या खेड्यांत तपासता आला. पुण्याच्या अभ्यासात ज्या आयांच्या आहारात दूध, पालेभाज्या आणि फळं अधिक होती, त्यांची बाळं जन्मतः अधिक भरलेली निघाली.

२. सुरक्षित जागी ठेवलेला थेंब (आयत १३)

सुरक्षित जागा म्हणजे गर्भाशय, यावर मतभेद नाहीत. पण सुरक्षित म्हणजे बाहेरच्या जगापासून तुटलेली, असा अर्थ आपण नकळत घेतो. पुण्याच्या अभ्यासाने तो मोडला. इथल्या नवजात बाळांचं सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरलं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. आपली बाळं लहान, स्नायूंनी कमी, पण चरबी मात्र त्या मानाने राखून असलेली. दिसायला हडकुळं आणि आतून मेदाळ असं हे बाळ पुढे मधुमेहाकडे झुकतं. ज्या आयांच्या रक्तात बी-१२ जीवनसत्त्व कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांचं शरीर सहाव्या वर्षीच इन्सुलिनला नीट दाद देईनासं झालेलं आढळलं. गरोदरपणी शेतात आणि घरात जास्त राबलेल्या बायांची बाळंही लहान होती. त्या सुरक्षित जागेत आईचं ताट पोचतं आणि तिचे कष्टही पोचतात.

३. मग ‘अलका’, मग ‘मुद्गा’ (आयत १४, पहिला भाग)

सगळ्यात मोठा वाद या दोन अवस्थांवर आहे. पहिलीत जुन्या भाष्यकारांना गोठलेलं रक्त दिसलं, दुसरीत चावलेल्या घासाएवढा मांसाचा गोळा. चौदाव्या शतकात इस्लामी विद्वान इब्न कय्यिम यांनी गर्भाविषयी लिहिताना हिप्पोक्रेटिसचा आधार घेतला. १९७६ साली फ्रेंच डॉक्टर मॉरिस बुकाई यांनी त्याच पहिल्या अवस्थेत गर्भाशयाच्या भिंतीला चिकटणारा गर्भ पाहिला. पुढे कॅनडाचे शरीररचनाशास्त्रज्ञ कीथ मूर यांनी दुसऱ्या अवस्थेतल्या दातांच्या खुणा म्हणजे गर्भाच्या पाठीवरचे खंड, असं सुचवलं.

मजकूर तोच राहिला. बदललं ते त्या त्या काळचं वैद्यक, आणि दर पिढीने आपल्या वैद्यकाशी आयत जुळवून घेतली. इब्न कय्यिम यांनी केलं ते अप्रामाणिक नव्हतं. हातात असलेलं उत्तम ज्ञान त्यांनी वापरलं. चूक होते ती त्या जुळणीला अखेरचा पुरावा मानण्यात. उद्या गर्भविज्ञान पुढे सरकलं तर अशा पुराव्यावर उभी असलेली श्रद्धाही त्याच्याबरोबर हलेल.

४. हाडं, आणि हाडांवर मांस (आयत १४, मधला भाग)

इथे जुळणी सरळसरळ अडते. हातापायांच्या अंकुरात पाचव्या आठवड्याच्या सुमारास स्नायूंच्या पूर्वपेशी शिरतात, त्याच सुमारास कूर्चेचे साचे धरू लागतात, आणि कूर्चेचं हाड होऊ लागतं आठव्या आठवड्याच्या आसपास. म्हणजे आधी पूर्ण सांगाडा आणि मग त्यावर मांस, असा क्रम नाही. दोन्ही घडणी सोबत चालतात. ओळ आहे ती देह टप्प्याटप्प्याने मांडणारी, ऐकणाऱ्याला कळेल अशी. तिला प्रयोगशाळेची नोंद करायला गेलो तर ओळही बिघडते आणि नोंदही.

५. मग एक वेगळीच निर्मिती (आयत १४, शेवटचा भाग)

तिन्ही आयतींचा भार या शब्दांवर आहे. इथवर क्रम देहाचा होता. आता म्हटलं आहे की जे झालं ते आधीच्याहून निराळं. बऱ्याच भाष्यकारांनी इथे आत्मा फुंकला जाण्याचा क्षण पाहिला. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांतल्या एका हदीसच्या, म्हणजे पैगंबरांच्या वचनाच्या, आधारे तो चाळीस-चाळीस दिवसांच्या तीन टप्प्यांनंतर, म्हणजे १२० दिवसांनी येतो असं मानलं गेलं. मुस्लिमच्याच दुसऱ्या एका हदीसमध्ये बेचाळीस रात्रींचा उल्लेख आहे. त्यामुळे परंपरेतही घड्याळ एकच नाही.

या आकड्यांवर फिक्ह, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्र, उभं राहिलं. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी या कायदेपंथाचे. त्या मताच्या अनेक फकिहांनी (कायदेपंडितांनी) १२० दिवसांच्या आत सबळ कारण असल्यास गर्भपाताला मुभा दिली. कोकणातले मुसलमान शाफई. त्या परंपरेतल्या गझालींच्या मते पहिल्या टप्प्यापासूनच तो गुन्हा, आणि गर्भ वाढेल तसा अधिक गंभीर. भारताच्या १९७१च्या कायद्याने वीस आठवड्यांची मर्यादा घातली, २०२१च्या दुरुस्तीने काही गटांतल्या स्त्रियांसाठी ती चोवीस केली. डॉक्टर शेवटच्या पाळीपासून मोजतात. तसे मोजले तर गर्भधारणेपासूनचे १२० दिवस सुमारे एकोणीस आठवड्यांना पुरे होतात. आकडे जवळ आले म्हणून कारण एक ठरत नाही. कायदा आईचा धोका आणि गर्भाची स्थिती पाहतो, फिक्ह आत्म्याचा मुक्काम पाहतो.

जीवविज्ञानाला ही सीमारेषा दाखवता येत नाही. गर्भधारणेपासून मोजलं तर हृदयाची हालचाल तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सुरू होते, मेंदूतल्या वरच्या थरांशी जोडण्या कितीतरी नंतर होतात. यातला कोणता बिंदू ‘माणूस’, हे सूक्ष्मदर्शक सांगत नाही. ते ठरवावं लागतं. दुसऱ्या टोकाला, मृत्यूपाशीही हेच झालं. १९८६ साली अम्मानला आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीने मेंदूमृत्यू मान्य केला. खूण वैद्यकाने दिली, तिचा अर्थ फकिहांनी ठरवला. दोन विद्यांची वाटणी अशीच असायला हवी.

६. त्यानंतर मृत्यू, त्यानंतर उठवलं जाणं (आयती १५ व १६)

वादविवादात या दोन आयती सहसा गाळल्या जातात. पण आधीच्या तिन्ही त्यांच्यासाठीच आहेत. घडणीचा क्रम सांगायचा तो हिशेबाकडे न्यायला.

हिशेब कुणाचा? तिसाव्या अध्यायाच्या तिसाव्या आयतीत माणसाच्या मूळ घडणीला, फितरतला, स्थान आहे. प्रसिद्ध हदीस सांगते की मूल फितरतवर जन्मतं, पुढचं वळण आईबाप लावतात. एक्याण्णवाव्या अध्यायात सांगितलं आहे की जिवाला वाईट आणि चांगलं दोन्ही उमजेल असं केलं आहे. जो त्याला शुद्ध करतो तो तरतो. म्हणजे काही दिलेलं, काही इतरांनी घडवलेलं, काही स्वतःचं. शेख महंमदांनी तिसरा वाटा घेतला. त्यांचा संग्राम आतल्या विकारांशी आहे, आणि १६४५च्या सुमारास त्यांनी तो इथल्याच बोलीच्या माणसांसाठी मांडला. दुसऱ्या वाट्याची मोजदाद पुण्याच्या संशोधकांनी केली, तीही जन्माच्या आधीपासून. जीन म्हणजे नशीब असं मानणाऱ्याला ती मोजदाद खोटं पाडते; आणि माणूस जे झाला ते सर्वस्वी त्याच्याच कर्माने, असं म्हणणाऱ्यालाही.

तेव्हा या आयतींना गर्भविज्ञानाचं पाठ्यपुस्तक करू नये आणि गर्भविज्ञानाकडे आत्म्याचा पत्ता मागू नये. फितरत निर्मळ असते असं जो मानतो, त्याने ती बिघडवणाऱ्या परिस्थितीचाही जाब द्यायला हवा. शिरूर-दौंडच्या जुम्म्याच्या खुतब्यात गरोदर बाईच्या ताटातलं दूध, पालेभाजी आणि तिची विश्रांती यांचा विषय निघाला, तर तो या आयतींच्या आशयाला धरूनच असेल.