द्राक्षबागेच्या मातीतील तांब्याचा साठा

तांबेयुक्त बुरशीनाशकांच्या वर्षानुवर्षांच्या फवारण्यांमुळे द्राक्षबागेच्या मातीत तांबे साचत जाणे. तांबे हे मूलद्रव्य असल्याने ते कुजत नाही, त्याचे विघटन होत नाही. सेंद्रिय पदार्थ व चिकणमातीच्या कणांना ते घट्ट धरून राहते, म्हणून बहुतेक साठा वरच्या थरातच सापडतो.

या फवारण्या सुरू झाल्या त्या द्राक्षवेलींवरच्या केवडा (डाउनी मिल्ड्यू) रोगामुळे. तो १८७८ च्या सुमारास अमेरिकेतून फ्रान्समध्ये पोहोचला. तिथल्या मेदोक भागात वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना शिंपडत. नेमक्या याच वेलींची पाने शाबूत असल्याचे वनस्पतिशास्त्रज्ञ मियार्दे यांनी १८८२ मध्ये हेरले आणि १८८५ मध्ये मोरचूद व चुन्याचे बोर्डो मिश्रण जाहीर झाले. त्याने युरोपातील बागा वाचवल्या, हे विसरता कामा नये. साठ्याची सुरुवातही तिथलीच.

एक टक्का मिश्रणासाठी १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद लागते. मोरचुदात तांबे सुमारे २५ टक्के. हेक्टरी १,००० लिटर फवारले की एका खेपेला अडीच किलो तांबे बागेत उतरते. युरोपीय संघाने २०१९ पासून हेक्टरी सात वर्षांत २८ किलो, म्हणजे वर्षाला सरासरी ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे. अशा दोन फवारण्यांतच ही वार्षिक सरासरी ओलांडली जाते. सेंद्रिय शेतीलाही ही मर्यादा लागू आहे, आणि तिथे तर केवड्यासाठी मुख्य भिस्त तांब्यावरच असते.

जुन्या वेलींची मुळे खोल असल्याने त्यांना फारसे जाणवत नाही. त्रास होतो तो बाग काढल्यानंतरच्या पिकाला. दक्षिण फ्रान्समध्ये जुन्या बागांच्या जागी पेरलेल्या डुरम गव्हाची पाने पिवळी पडलेली आढळली. गांडुळे आणि मातीतील सूक्ष्मजीवांनाही जादा तांबे बाधते. आम्लधर्मी, हलक्या जमिनीत धोका सर्वाधिक. चुना घातल्यास तांब्याची विद्राव्यता घटते, साठा मात्र तेवढाच राहतो.

महाराष्ट्रात ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस लांबला की बोर्डोचा आधार घेतला जातो. इथल्या बऱ्याच चुनखडीयुक्त काळ्या जमिनींत तांबे कमी विरघळते, ही जमेची बाजू. साठा ठरवताना पानांच्या देठ परीक्षणावर मात्र विसंबू नये: देठावर चिकटलेल्या फवाऱ्यामुळे तांब्याचा आकडा फुगतो. साठा कळतो तो माती तपासूनच.