सीतेचा आवाज कुठे गेला?

“अरे, सीतेचं गाणं बाबूजी कसे म्हणतायत? आपल्या कॅसेटमध्ये तर बाई होत्या ना?”

आईने स्वयंपाकघरातून विचारलं आणि माझा रविवार गेला.

सांगवीतल्या आमच्या घरी टीव्हीच्या मागे एक जुना लॅपटॉप चोवीस तास चालू असतो. त्यावर मी नॅव्हिड्रोम नावाचा फुकट मिळणारा म्यूझिक सर्व्हर बसवलाय. आजोबांनी गीतरामायणाच्या पुनःप्रसारणाच्या वेळी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कॅसेटी भरल्या होत्या. त्या मी संगणकावर उतरवून घेतल्या. पुढे एक शहाणपणा केला: एका स्ट्रीमिंग अ‍ॅपशी सर्व्हर जोडला, म्हणजे माझ्या प्लेलिस्ट आईच्या फोनवर आपोआप दिसतील. दिसल्याही. फक्त गाणी आमची नव्हती.

पहिला दोष मी लाईटवर ढकलला. आदल्या दिवशी लाईट गेली होती, म्हणजे सिंक अर्धवट राहिलं असणार. सगळं बंद करून चालू केलं, पुन्हा स्कॅन केलं. लॉग उघडला तर तिथे एकही चूक नाही. प्रत्येक ओळीपुढे ‘जुळलं’. गाण्याचं नाव तेच, कलाकार तोच, लांबीत थोड्या सेकंदांचा फरक. यंत्राच्या मते काम फत्ते झालं होतं.

चूक माझ्याच टॅगमध्ये होती. कॅसेटच्या कव्हरवर आजोबांनी निळ्या शाईत लिहिलं होतं, ‘गीतरामायण – फडके’. मी ‘कलाकार’ या रकान्यात सुधीर फडके भरलं आणि पुढे गेलो. आजोबांचंही बरोबरच होतं. मराठीत ‘फडक्यांचं गाणं’ म्हटलं की ते त्यांनी गायलेलं असेल किंवा त्यांनी चाल दिलेलं असेल. ऐकणाऱ्याला संदर्भाने कळतं. यंत्राला संदर्भ नसतो, त्याला रकाना असतो.

आता गीतरामायणाची गोष्ट बघा. पुणे आकाशवाणी केंद्र 1953 साली सुरू झालं. तिथल्या सीताकांत लाड यांच्या आग्रहावरून ग. दि. माडगूळकरांनी रामकथा गाण्यांत लिहायला घेतली आणि चाली सुधीर फडक्यांनी दिल्या. 1 एप्रिल 1955, शुक्रवार, रामनवमी. त्या सकाळी पहिलं गाणं लागलं. मग दर आठवड्याला एक नवं गाणं. वर्षाची 52 व्हायची, पण त्या वर्षी अधिक मास आला आणि 56 झाली. (पंचांगामुळे प्लेलिस्ट लांबल्याचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.)

रेडिओवर ही गाणी एकट्या बाबूजींनी गायली नव्हती. पात्र बदललं की गळा बदलायचा. माणिक वर्मा, लता मंगेशकर, वसंतराव देशपांडे, राम फाटक, ललिता फडके असे कितीतरी आवाज त्यात होते. नंतर बाबूजींनी सगळी गाणी स्वतः गायली, त्यांचे जाहीर कार्यक्रम केले, ध्वनिमुद्रिका निघाल्या. घराघरांत पोचलं ते हे दुसरं रूप. सीता, कौसल्या, शूर्पणखा, सगळ्या एकाच पुरुषाच्या आवाजात. तेही अप्रतिमच आहे, वाद नाही. पण त्याच शब्दांचं आणि त्याच चालीचं ते वेगळं ध्वनिमुद्रण आहे, आणि सिंकला नेमकं तेच कळलं नाही.

ध्वनिमुद्रणावर नाव चिकटवायचं कसं, हा प्रश्न काही मोबाईलबरोबर आलेला नाही. 1902 मध्ये फ्रेड गैसबर्गने कलकत्त्याला गौहर जानचं गाणं मुद्रित केलं, तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जात. तिथल्या माणसांना हिंदुस्थानी भाषा कुठून कळणार? म्हणून गाणं संपताच ती इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायची. टॅग थेट आवाजातच! सीडी 1982 मध्ये आली तीही मुकीच. तिच्यावर गाण्यांची नावं नसायची. संगणक गाण्यांच्या लांबीवरून सीडी ओळखायचा आणि कधी एकीला दुसरीच समजायचा. 1996 मध्ये एमपीथ्रीला आयडीथ्री टॅग आला, त्यात नावाला जागा फक्त 30 बाइट. आजच्या युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह 3 बाइट खातं. म्हणजे दहा चिन्हं, काना-मात्रा धरून.

आपल्या लिपीची आणखी एक गंमत. ‘वाऱ्या’मधला तो अर्धा र दोन-तीन प्रकारे साठवता येतो आणि पडद्यावर सगळे सारखेच दिसतात. जुने मॅक तर फाइलच्या नावातला ऱ फोडून र आणि नुक्ता वेगवेगळे ठेवायचे. माझी चार गाणी अ‍ॅपमध्ये अजिबात सापडत नव्हती, ती याच कारणाने. नावं एका साच्यात आणल्यावर सापडली.

उपाय 1986 पासून आहे: आयएसआरसी, प्रत्येक ध्वनिमुद्रणाला 12 अक्षर-अंकांची ओळख. तेच गाणं दुसऱ्याने गायलं की नंबर दुसरा. पण तो नंबर प्रकाशकाकडून येतो. आजोबांच्या कॅसेटला कोण देणार? आवाजाचा ठसा घेऊन जुळवणारं सॉफ्टवेअरही लावून पाहिलं. आजोबांचा टेपरेकॉर्डर जरा हळू चालायचा, त्यामुळे तेही गोंधळलं.

खरा घाम पुढे फुटला. अ‍ॅपची जोडणी तोडायला गेलो तर तिथे एक बटण होतं: ‘डुप्लिकेट काढून टाका’. मूळ फाइल सर्व्हरवर होत्या, पण सिंक दोन्ही बाजूंनी होतं. त्या बटणाने कॅसेटमधल्या बायका गेल्या असत्या, शिवाय तिसऱ्या गाण्यात मागे वाजणारी कुकरची शिट्टी आणि आजीचं “बंद कर ती” हेही गेलं असतं.

आधी सगळ्याची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढली. मग आपोआप जुळवणी बंद केली आणि गायक, संगीतकार, गीतकार असे तीन वेगळे रकाने केले. गायकाच्या रकान्यात काय भरायचं ते मला ठाऊक नव्हतं. आई भाजी निवडत बसली, मी एकेक गाणं लावत गेलो.

“ह्या माणिक वर्मा. पुढचं लाव... हे वसंतराव. हे कोण बरं? थांब, परत लाव.”

दोन आवाज तिलाही ओळखता आले नाहीत. तो रकाना मी रिकामा ठेवलाय.