जखमींची यादी : अमेरिकन फुटबॉलमधील साप्ताहिक अंदाजाचा इतिहास

१/
२९ सप्टेंबर २०२२, गुरुवार. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरात त्या रात्री मायामी डॉल्फिन्स आणि सिनसिनाटी बेंगल्स हे संघ समोरासमोर येणार होते. देशभरातील असंख्य लोक दिवसभर एकाच प्रश्नाचे उत्तर शोधत होते : डॉल्फिन्सचा क्वार्टरबॅक तुआ टॅगोवायलोआ आज खेळणार का? जखमी खेळाडूंच्या अधिकृत यादीत त्याच्या नावापुढे पाठ आणि घोटा अशा दोन दुखापती नोंदल्या होत्या. शेरा होता ‘क्वेश्चनेबल’, म्हणजे खेळेलच याची खात्री नाही.

२/
हा प्रश्न विचारणारे सगळेच मायामीचे पाठीराखे नव्हते. त्यांतील अनेकांच्या ‘फँटसी’ संघात तुआ होता. अकराच दिवसांपूर्वी, १८ सप्टेंबरला, त्याने बाल्टिमोरविरुद्ध ४६९ यार्डांच्या यशस्वी फेकी आणि ६ टचडाउन अशी कामगिरी करून ३५-१४ असा पिछाडीवर पडलेला सामना ४२-३८ असा जिंकून दिला होता. असा खेळाडू संघात घ्यायचा की बाकावर बसवायचा? या निर्णयासाठी जो मजकूर वाचला जातो, तो साप्ताहिक अंदाज. त्या मजकुराचा आणि त्यातील जखमींच्या यादीचा इतिहास मोठा विलक्षण आहे.

३/
प्रथम खेळाविषयी थोडेसे. अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा आक्रमणाचा सूत्रधार असतो. जवळजवळ प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते. चेंडू सहकाऱ्याकडे फेकायचा, धावणाऱ्याच्या हाती द्यायचा की स्वतः घेऊन पळायचे, हे त्याला काही क्षणांत ठरवावे लागते. समोरून येणाऱ्या धिप्पाड बचावपटूंचे काम एकच असते, त्याला जमिनीवर पाडणे. संघातील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत जास्त लक्ष्य होणारा खेळाडू एकच असतो. साप्ताहिक अंदाजाची सारी गुंतागुंत या एका वस्तुस्थितीतून उद्भवते.

४/
आता मागे जाऊ. १५ डिसेंबर १९४६, न्यूयॉर्क. एनएफएलच्या अंतिम सामन्यात न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध शिकागो बेअर्स. सामन्याच्या तोंडावर पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. ॲल्व्हिन पॅरिस नावाच्या इसमाने जायंट्सच्या मर्ल हेप्स आणि फ्रँक फिल्चॉक या दोन खेळाडूंना सामना हरण्यासाठी लाच देऊ केली होती. हेप्सने हे कबूल केले, त्यामुळे त्याला खेळू दिले नाही. फिल्चॉकने इन्कार केला आणि तो मैदानात उतरला. जायंट्स १४-२४ असे हरले.

५/
पुढे खटल्यात फिल्चॉकलाही देकार आला होता हे उघड झाले. दोघांनी लाच घेतल्याचे सिद्ध झाले नाही. पण त्यांनी ही गोष्ट अधिकाऱ्यांना कळवली नव्हती. तेवढ्या कारणावरून एनएफएलचे आयुक्त बर्ट बेल यांनी दोघांवर बेमुदत बंदी घातली. बेल यांना खरी चिंता पुढची होती. सट्टेबाज खेळाडूंच्या मागे का लागतात? कारण संघाच्या आतली बातमी त्यांच्याकडेच असते. कोणाचा खांदा दुखावला आहे, रविवारी कोण उतरणार नाही, हे जगाच्या आधी कळणे म्हणजे थेट पैसा.

६/
बेल यांनी शोधलेला उपाय साधा होता. जी बातमी लपवल्यामुळे महाग होते, ती सर्वांना एकाच वेळी फुकट द्यावी. १९४७ पासून संघांनी आपल्या जखमी खेळाडूंची माहिती सामन्याआधी जाहीर करावी असा दंडक झाला. येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी. ही यादी खेळाडूच्या आरोग्यासाठी जन्माला आली नाही. ती जन्मली खेळाच्या पतीसाठी. खेळाडू खेळणार की नाही, एवढेच ती सांगते. त्याने खेळावे की नाही, हा प्रश्न तिच्या कक्षेतच नव्हता.

७/
यानंतर १५ वर्षांनी, १९६२ च्या हिवाळ्याच्या तोंडावर, न्यूयॉर्कमधील एका हॉटेलात दुसरी घटना घडली. ओकलँड रेडर्स हा संघ दौऱ्यावर होता आणि त्याचा हंगाम दारुण चालला होता. त्या वर्षी १४ पैकी १३ सामने त्यांनी गमावले. संघाचे एक भागीदार बिल विंकेनबाख, जनसंपर्क पाहणारे बिल टनेल आणि ‘ओकलँड ट्रिब्यून’चे वार्ताहर स्कॉटी स्टर्लिंग यांनी एका रात्री बसून एका नव्या खेळाचे नियम रचले. खऱ्या खेळाडूंची निवड करून कागदावरचा संघ बांधायचा आणि त्यांच्या खऱ्या कामगिरीवर गुण मोजायचे.

८/
१९६३ मध्ये ओकलँडला विंकेनबाख यांच्या घरी आठ संघांची पहिली निवडसभा भरली. ‘ड्रीम११’वर खेळणाऱ्या वाचकांना यातला फरक सांगायला हवा. तेथे एकच खेळाडू लाखो जण घेऊ शकतात. येथे एकदा कोणी खेळाडू निवडला की त्या गटात तो हंगामभर त्याचाच. त्यामुळे पहिल्या निवडीला फार महत्त्व. पहिला मान मिळाला ह्यूस्टन ऑयलर्सचा क्वार्टरबॅक जॉर्ज ब्लँडा याला. फँटसी फुटबॉलच्या इतिहासातील हा पहिला अंदाज, आणि तो साफ चुकला.

९/
ब्लँडाची निवड अविचाराने झाली नव्हती. १९६१ मध्ये त्याने ३६ टचडाउन फेकी केल्या होत्या. शिवाय तो चेंडूला लाथ मारून गोल करणाराही होता, म्हणजे गुणांचे दोन झरे एकाच माणसात. पण १९६२ मध्ये त्याच्या ४२ फेकी प्रतिस्पर्ध्यांनी झेलल्या होत्या. एका हंगामातील हा नकोसा विक्रम आजही त्याच्याच नावावर आहे. निवड करणाऱ्याने १९६१ चे तेज पाहिले, १९६२ ची सावली दुर्लक्षिली. १९६३ मध्ये क्लीव्हलँडच्या जिम ब्राउनने धावून १,८६३ यार्ड कमावले, तर ब्लँडाच्या टचडाउन फेकींपेक्षा त्याच्या झेलल्या गेलेल्या फेकी अधिक भरल्या. नावाच्या वलयाला भुलू नये, हा धडा पहिल्याच वर्षी मिळाला.

१०/
काही काळ हा खेळ ओकलँडच्या एका वर्तुळापुरता राहिला. १९६९ मध्ये त्या गटातील अँडी मूसालिमस यांनी आपल्या ‘किंग्ज एक्स’ या मद्यालयात तो गिऱ्हाइकांसाठी खुला केला. गुण मोजायचे ते वर्तमानपत्रातील आकडे पाहून, हाताने. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संकेतस्थळांनी ही मोजदाद स्वतःकडे घेतली आणि खेळ वणव्यासारखा पसरला. दर आठवड्याला कोणाला खेळवावे हे सांगणारे विश्लेषक हा एक नवा व्यवसायच उभा राहिला.

११/
या विश्लेषकांचा पहिला आधार म्हणजे गुणपद्धती. रूढ पद्धत अशी : फेकीच्या २५ यार्डांना १ गुण, टचडाउन फेकीला ४; धावण्याच्या १० यार्डांना १ गुण, धावून केलेल्या टचडाउनला ६. याचा परिणाम पाहा. ५ सप्टेंबर २०१३ रोजी पेटन मॅनिंगने बाल्टिमोरविरुद्ध ४६२ यार्ड आणि तब्बल ७ टचडाउन फेकी केल्या. फेकींचे गुण सुमारे ४६. १५ नोव्हेंबर २०१० रोजी मायकल व्हिकने वॉशिंग्टनविरुद्ध ३३३ यार्ड आणि ४ टचडाउन फेकी केल्या. त्याशिवाय तो ८० यार्ड धावला आणि धावून २ टचडाउन केले. बेरीज सुमारे ४९. पळणारा क्वार्टरबॅक फँटसीत इतका मौल्यवान का, याचे उत्तर या दोन रात्रींत आहे.

१२/
दुसरा आधार टंचाईचा. एनएफएलमध्ये ३२ संघ, म्हणजे किमान ३२ क्वार्टरबॅक. बारा जणांच्या गटात मात्र दर आठवड्याला बाराच लागतात. म्हणून एखादा किती गुण मिळवेल एवढेच पाहून भागत नाही. सहज मिळणाऱ्या पर्यायापेक्षा तो किती अधिक मिळवेल, हे पाहावे लागते. बाजारात ज्वारी मुबलक असेल तर उत्तम ज्वारीलाही फार चढा भाव मिळत नाही, तसेच हे. जुने जाणकार पहिल्या फेरीत क्वार्टरबॅक घेण्याचे टाळत, ते याच हिशेबाने.

१३/
तिसरा आधार परिस्थितीचा : समोरचा बचाव कसा आहे, स्वतःचे रक्षण करणारी फळी शाबूत आहे का, सामना छताखाली आहे की उघड्यावर. यांत वारा हा सर्वांत निर्दय. ६ डिसेंबर २०२१ रोजी बफेलोत इतका सोसाट्याचा वारा होता की न्यू इंग्लंडच्या मॅक जोन्सने संपूर्ण सामन्यात फक्त ३ फेकी केल्या आणि १९ यार्ड मिळवले. तरी त्याचा संघ १४-१० असा जिंकला. खऱ्या सामन्यातला विजय आणि फँटसीतला विजय या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्या रात्री अनेकांना उमगले.

१४/
आणि चौथा आधार तीच जुनी यादी. सट्टेबाजांचा डाव मोडण्यासाठी सुरू झालेला कागद आता फँटसी खेळणारा प्रत्येक जण बारकाईने वाचू लागला. संघांनीही त्यातील पळवाटा शोधल्या. न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीचे नाव उजव्या खांद्याच्या दुखापतीसह, ‘प्रॉबेबल’ म्हणजे बहुधा खेळेल या शेऱ्याने, आठवड्यामागून आठवडे यादीत झळकत असे आणि तो नित्यनेमाने खेळत असे. लांडगा आला रे आला, असा प्रकार. अखेर २०१६ मध्ये एनएफएलने ‘प्रॉबेबल’ हा वर्गच रद्द केला.

१५/
यादी काय सांगू शकत नाही, हेही ब्रेडीच्याच उदाहरणातून कळते. २००७ मध्ये त्याने ५० टचडाउन फेकी करून विक्रम रचला होता. ७ सप्टेंबर २००८ रोजी, नव्या हंगामाच्या पहिल्याच सामन्यात, पहिल्याच सत्रात कॅन्सस सिटीच्या बर्नार्ड पोलार्डची धडक त्याच्या गुडघ्यावर बसली आणि हंगाम संपला. २४ ऑगस्ट २०१९ रोजी इंडियानापोलिसच्या अँड्र्यू लकने दुखापतींच्या न संपणाऱ्या चक्राला कंटाळून वयाच्या २९ व्या वर्षी निवृत्ती जाहीर केली. बातमी फुटली तेव्हा तो मैदानाच्या कडेलाच उभा होता. घरच्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली.

१६/
माणूस आणि त्याचा आकडा यांची फारकत न्यायालयातही झाली होती. बेसबॉलच्या फँटसी खेळात खेळाडूंची नावे व आकडेवारी वापरण्यास परवाना लागतो का, हा तो वाद. २००७ मध्ये अमेरिकेच्या एका संघीय अपील न्यायालयाने परवान्याची गरज नसल्याचा निर्णय दिला, आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. खेळाडूची कामगिरी ही सार्वजनिक माहिती ठरली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्रीडासट्ट्यावरील संघीय निर्बंधही रद्दबातल ठरवले, आणि सट्ट्याचे भाव उघडपणे साप्ताहिक अंदाजाचा भाग झाले. बेल यांच्या यादीचे वर्तुळ पूर्ण झाले.

१७/
हाच प्रश्न मुंबईतही उभा राहिला. २००८ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ‘ड्रीम११’बाबत हे कौशल्य की जुगार, असा वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला. २०१९ मध्ये न्यायालयाने तो कौशल्याचा खेळ मानला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांवरच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा संमत केला, तेव्हा कौशल्य की नशीब हा भेदच त्यात बाजूला ठेवला गेला.

१८/
आता पुन्हा तुआकडे. गुरुवारच्या चार दिवस आधी, २५ सप्टेंबरला, बफेलोविरुद्ध खेळताना त्याचे डोके मागून जमिनीवर आदळले होते. उठून चालताना त्याचा तोल गेला. सहकाऱ्यांनी त्याला सावरले. हे दृश्य देशाने पाहिले. पण लडखडण्याचे कारण पाठीचे दुखणे असे सांगितले गेले, आणि उत्तरार्धात तो पुन्हा मैदानात आला. म्हणूनच यादीत ‘पाठ’ आणि ‘घोटा’ हे शब्द होते. ‘डोके’ हा शब्द नव्हता.

१९/
गुरुवारी तो खेळला. दुसऱ्या सत्रात बचावपटूने त्याला खाली पाडले, तेव्हा त्याच्या हातांची बोटे चेहऱ्यासमोर विचित्र आखडून गेली. मेंदूला मार बसल्याचे ते लक्षण होते. स्ट्रेचरवरून त्याला बाहेर नेण्यात आले. पुढच्या काही दिवसांत आधीच्या सामन्यातील तपासणीत सहभागी असलेल्या स्वतंत्र मज्जाविकारतज्ज्ञाला खेळाडूंच्या संघटनेने पदावरून दूर केले. ८ ऑक्टोबरला नियम बदलला. तोल किंवा बोलण्यावरील ताबा सुटणे, म्हणजे ‘अटॅक्सिया’, दिसल्यास त्या खेळाडूला त्या सामन्यात परतता येणार नाही, मग कारण काहीही सांगितले जावो.

२०/
१९४७ ते २०२२. खेळाची पत राखण्यासाठी निघालेल्या यादीला खेळाडूच्या मेंदूचा प्रश्न थेट भिडायला ७५ वर्षे लागली. तुआ पुढच्याच वर्षी ४,६२४ यार्ड फेकून लीगमध्ये पहिला आला. सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच्या मेंदूला पुन्हा मार बसला. साप्ताहिक अंदाज आजही दर आठवड्याला लिहिले जातात, आणि ते लिहिणे-वाचणे हा बुद्धीला आनंद देणारा खेळ आहे. मात्र यादीतील ‘क्वेश्चनेबल’ हा शेरा वाचताना ती कशासाठी सुरू झाली होती, हे ठाऊक असलेले बरे. तिला विचारलेला प्रश्न ‘तो खेळेल का’ एवढाच होता. ‘त्याने खेळावे का’ हा प्रश्न तिच्याबाहेर, माणसांनाच एकमेकांना विचारावा लागतो.

(धागा समाप्त)