आठवड्यांचा हिशेब : सुरक्षित गर्भपात, परदेशी मदत आणि शहापूर-मुरबाड

नोव्हेंबर 1952 मध्ये मुंबईत एक परिषद भरली आणि तिच्यातून कुटुंबनियोजनाचे काम जगभर करणारी ‘आयपीपीएफ’ ही संघटना जन्माला आली. यजमानपद होते धन्वंती रामा राव आणि आवाबाई वाडिया यांनी 1949 मध्ये उभारलेल्या फॅमिली प्लॅनिंग असोसिएशनकडे. त्याच्याही तीन दशके आधी, 1921 मध्ये, र. धों. कर्वे यांनी याच शहरात संततिनियमनाचे केंद्र उघडले होते. स्त्रीच्या प्रजनन आरोग्याचा विचार परदेशी पैशाबरोबर आपल्याकडे आला, असा समज असणाऱ्या वाचकांनी एवढा इतिहास आधी ध्यानात घ्यावा. देणे-घेणे दोन्ही बाजूंनी झाले आहे, आणि त्यात आपला वाटा लहान नाही.

हा विषय समजून घ्यायला ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे तालुके का निवडावेत? दोन्ही मुंबईच्या हाकेच्या अंतरावर आहेत. कसाऱ्यापर्यंत लोकल जाते. तानसा आणि भातसा ही महानगराला पाणी पुरवणारी धरणे शहापुरात आहेत. तरीही कातकरी, ठाकूर, महादेव कोळी यांच्या अनेक पाड्यांवर पावसाळ्यात गाडी पोचत नाही आणि अडलेल्या बाईला डोलीतून खाली आणावे लागते. मुरबाडला अजून रेल्वे नाही. कल्याण गाठायचे तर एसटी किंवा जीप. साधने इतकी जवळ असताना सेवा इतकी दूर का राहते, हे इथे स्पष्ट दिसते.

कायद्याची बाजू तुलनेने सोपी आहे. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या अध्यक्षतेखालील समितीने 1966 मध्ये अहवाल दिला, 1971 मध्ये वैद्यकीय गर्भपाताचा कायदा झाला आणि 1 एप्रिल 1972 पासून तो लागू झाला. 2021 च्या दुरुस्तीनंतर 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. विशिष्ट परिस्थितीतील स्त्रियांसाठी दोन डॉक्टरांच्या मताने ही मुदत 24 आठवड्यांपर्यंत जाते. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. नवऱ्याची सही कायदा मागत नाही. सरकारी दवाखान्याला वेगळ्या मान्यतेची गरज नसते, मात्र डॉक्टर कायद्याने ठरवलेल्या पात्रतेचा हवा. एमबीबीएस डॉक्टरने 25 गर्भपातांत साहाय्य केले असेल आणि त्यांतले किमान पाच स्वतः केले असतील, तर तो 12 आठवड्यांपर्यंतचा गर्भपात करू शकतो. म्हणजे प्रशिक्षित डॉक्टर आणि साहित्य असेल, तर पाड्याजवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातही ही सेवा मिळू शकते.

आता हेच आठवडे शहापुरातल्या डोळखांबच्या पुढच्या एखाद्या पाड्यावरून मोजून पाहा. दिवाळीनंतर कुटुंब भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर गेलेले. पाळी चुकली हे कळायला महिना जातो. गर्भचाचणीचे ‘निश्चय’ किट असते आशाताईकडे, आणि आशाताई गावात. भट्टीवर उचल घेतलेली, म्हणून सुट्टी मागायची सोय नाही. मग एक दिवस मजुरी बुडवून शहापूरच्या उपजिल्हा रुग्णालयात जायचे, तर सोबत कोण, जीपचे भाडे कुठून, आणि घरी काय सांगायचे? गोळ्यांनी गर्भपात करण्याची मुदत नऊ आठवड्यांची. ती अशीच निघून जाते आणि साधी गोष्ट अवघड होऊन बसते. मग गावातल्याच कोणाकडून, मिळेल त्या उपायाने मोकळे होण्याची वेळ येते. धोका तिथे सुरू होतो.

परदेशी मदतीचे मोल याच हिशेबात पाहावे. हाताने चालवायचे निर्वात पंपाचे उपकरण, म्हणजे डॉक्टरांच्या बोलीतले ‘एमव्हीए’, हे साधारण 60 मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या सिरिंजसारखे दिसते. त्याला वीज लागत नाही, आणि दिवे जाणाऱ्या आरोग्य केंद्रात ही मोठी सोय आहे. ते विकसित करायला अमेरिकी सरकारनेच पैसा दिला होता. परदेशी मदतीचा पैसा गर्भपातासाठी वापरायला मनाई करणाऱ्या 1973 च्या हेल्म्स दुरुस्तीने त्याच सरकारचे हात बांधले, आणि खासगी देणग्यांवर उभ्या राहिलेल्या ‘आयपास’ने ते काम पुढे नेले. याच संस्थेने नंतर महाराष्ट्रासह अनेक राज्यांत सरकारी डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला हातभार लावला. मुंबईच्या ‘सेहत’ या संशोधन संस्थेने 2000 मध्ये सुरू केलेल्या गर्भपातविषयक देशव्यापी अभ्यासालाही फोर्ड आणि रॉकफेलर प्रतिष्ठानांचे साहाय्य होते.

पण या पैशाला लगाम दोन्हीकडून आहे. अमेरिकेने 1984 मध्ये आणलेला ‘गॅग रूल’ मदत घेणाऱ्या परदेशी संस्थांना स्वतःच्या पैशातूनही गर्भपाताची सेवा वा सल्ला देऊ देत नाही. तिथे सत्ता पालटली की तो उठतो किंवा परत येतो. जानेवारी 2025 मध्ये तो पुन्हा आला. इकडे आपल्या परदेशी देणगी कायद्यात 2020 मध्ये झालेल्या दुरुस्तीने एका संस्थेने मिळालेला परदेशी निधी दुसरीला देणे बंद केले. मोठ्या संस्थेमार्फत तालुक्यातील छोट्या संघटनेपर्यंत पैसा पोचण्याची वाट त्यामुळे मिटली.

वाचकांनी दोन बाबतींत सावधगिरी बाळगावी. एकेकाळी परदेशी मदतीचा रोख लोकसंख्या घटवण्यावर होता आणि आणीबाणीत त्या विचाराचे भयंकर रूप आपण पाहिले. 1994 च्या कैरो लोकसंख्या परिषदेनंतर भाषा हक्कांची झाली, तरी जुनी सवय कुठे डोकावते ते तपासत राहावे. दुसरी सावधगिरी लिंगनिवडीबद्दल. तिच्याविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, हे आपले भूषण. पण लिंगनिवडीविरुद्धच्या कायद्याच्या धाकाने कायदेशीर गर्भपातही नाकारला जातो. अनेक औषध दुकानदारांनी गोळ्या ठेवणेच सोडले. गर्भपाताचा आणि लिंगनिवडीविरुद्धचा, हे दोन कायदे वेगळे आहेत. वाचतानाही ते वेगळे ठेवा.

या क्षेत्रात तुम्ही नवे असाल, तर देणगीदारांच्या अहवालांपासून सुरुवात करू नका. आधी एखाद्या आशाताईशी आणि नर्सताईशी बोला. मग कायदा वाचा. निधीची कागदपत्रे शेवटी. प्रत्येक योजनेला एकच प्रश्न विचारा: हिच्यामुळे पाड्यावरच्या बाईचे किती आठवडे वाचले? डॉक्टर शिकला आणि बदलून गेला, तर उत्तर शून्य येईल. त्याच्या जागी येणाऱ्यालाही शिकवण्याची सोय सरकारने आपल्या खर्चात धरली, तर पैसा मुळात कोणत्या देशातून आला होता, याला फारसे महत्त्व उरणार नाही.