एक दरवाजा, दोन पहारेकरी

फुटबॉलच्या खेळात एक प्रश्न असा आहे की ज्यावर इंग्लंड, जर्मनी, स्पेन, फ्रान्स या देशांत गेली पन्नास वर्षे वाद चालत आला आहे. क्लबापाशी दोन तोलामोलाचे गोलरक्षक असले, तर त्यांना आळीपाळीने खेळवावे, की एकालाच कायम करून दुसऱ्याला बाकावर बसवावे? वरवर पाहता हा प्रश्न संघाच्या प्रशिक्षकाने सोडवावा आणि आपण तिकीट काढून सामना पाहावा, एवढाच त्याचा आवाका वाटेल. परंतु एकाच जागेवर दोन लायक माणसांचा हक्क असला म्हणजे न्याय कशाला म्हणावे, हा या वादाचा गाभा आहे. आणि तो प्रश्न शाळेत, कचेरीत, संस्थेच्या कार्यकारी मंडळात, कोठेही उभा राहतो. दोन्ही पद्धतींचे प्रयोग होऊन गेले आहेत. म्हणून तर्काच्या आधी इतिहासाला विचारणे आम्हांला अधिक इष्ट वाटते.

गोलरक्षक ही जागा खेळाइतकी जुनी नाही. १८६३ साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशन स्थापन झाली, तेव्हाच्या नियमांत गोलरक्षकाचा उल्लेखही नव्हता. तो प्रथम १८७१ साली आला. पुढे बरीच वर्षे त्याला आपल्या बाजूच्या अर्ध्या मैदानात कोठेही चेंडू हाताने धरता येई. १९१२ साली ही मुभा पेनल्टीच्या चौकोनापुरती राहिली. म्हणजे काळाच्या ओघात इतर दहा जणांचे वावरण्याचे क्षेत्र विस्तारत गेले आणि या एकट्याचे आखडत गेले. पुढच्या फळीतल्या गड्याने तीन संधी घालवल्या आणि चौथी साधली, तर संध्याकाळी लोक त्याला खांद्यावर घेतात. गोलरक्षकाने नऊ फटके अडवले आणि दहावा हातातून निसटला, तर लोकांच्या लक्षात दहावाच राहतो. आमच्या प्रश्नातली सारी तीव्रता या हिशेबातून आलेली आहे.

जुन्या काळी हा प्रश्न फारसा उद्भवत नसे, कारण बदली खेळाडूचा नियमच नव्हता. १९५६ सालच्या एफ. ए. कपच्या अंतिम सामन्यात मँचेस्टर सिटीचा गोलरक्षक बर्ट ट्राउटमन याच्या मानेला जबर दुखापत झाली. त्याच्या जागी कोणाला घेणे शक्य नव्हते. तो तसाच उभा राहिला, सिटीने बर्मिंगहॅमला ३–१ असे हरवले, आणि मानेचे हाड मोडल्याचे काही दिवसांनी क्ष-किरण तपासणीत उघडकीस आले. इंग्लंडच्या लीगमध्ये बदली खेळाडूची सवलत १९६५ साली मिळाली, तीही प्रथम फक्त जखमी गड्यापुरती. तोवर क्लबाचा दुसरा गोलरक्षक दुय्यम संघात खेळून आपली पाळी येण्याची वाट पाहत असे.

वाट पाहण्याला नकार देणारा एक तरुण लेस्टर सिटी क्लबात निघाला. त्या क्लबाचा पहिला गोलरक्षक गॉर्डन बँक्स हा १९६६ सालच्या विश्वविजेत्या इंग्लंड संघाचा गोलरक्षक. त्याच्या मागे उभा होता सतरा वर्षांचा पीटर शिल्टन. शिल्टनला पहिली जागा हवी होती. लेस्टरने १९६७ साली बँक्सला स्टोक सिटीला विकले आणि शिल्टनला जागा दिली. विश्वचषक जिंकून वर्षही झाले नव्हते! आज हा निर्णय धाडसाचा वाटेल. पण क्लबाने एक गोष्ट ओळखली होती. दोघांना एका दरवाजात फार काळ उभे करता येणार नाही; एकाला निवडणे आणि दुसऱ्याला मोकळे करणे, हाच सरळ मार्ग आहे.

दैवयोग असा की याच शिल्टनच्या वाट्याला पुढे आळीपाळीचा सर्वांत प्रसिद्ध प्रयोग आला. १९७७ साली रॉन ग्रीनवुड इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे व्यवस्थापक झाले, तेव्हा त्यांच्यापुढे दोन नावे होती. एक शिल्टन, जो तेव्हा नॉटिंगहॅम फॉरेस्टकडे होता; त्याच्या संघाने १९७७–७८ च्या लीगच्या ४२ सामन्यांत अवघे २४ गोल स्वीकारून विजेतेपद मिळवले. दुसरा लिव्हरपूलचा रे क्लेमन्स. त्याच्या संघाने पुढच्याच हंगामात ४२ सामन्यांत केवळ १६ गोल स्वीकारले. यांपैकी श्रेष्ठ कोण, हे कोणत्या तराजूने तोलावे? ग्रीनवुड यांनी तोलणेच टाळले आणि दोघांना पाळीपाळीने खेळवले. १९८० च्या युरोपीय स्पर्धेत इंग्लंडचे तीन सामने झाले: बेल्जियमविरुद्ध क्लेमन्स, इटलीविरुद्ध शिल्टन, स्पेनविरुद्ध पुन्हा क्लेमन्स. एक बरोबरी, एक हार, एक जीत. इंग्लंड पहिल्या फेरीतच बाद झाले.

त्या अपयशाचे खापर आळीपाळीवर फोडणे अन्यायाचे होईल. इटलीने सामना एका गोलाने जिंकला, आणि इंग्लंडला त्या दिवशी एकही गोल करता आला नाही. परंतु दोन वर्षांनी, १९८२ च्या स्पेनमधील विश्वचषकात, ग्रीनवुड यांना निवड करावीच लागली. त्यांनी शिल्टनला निवडले. इंग्लंडने पाच सामन्यांत एकच गोल स्वीकारला, एकही सामना न हरता ते स्पर्धेबाहेर गेले, आणि क्लेमन्सला एक मिनिटही खेळायला मिळाले नाही. अखेरीस शिल्टनच्या नावावर १२५ आंतरराष्ट्रीय सामने लागले, क्लेमन्सच्या नावावर ६१. पाच वर्षे निर्णय पुढे ढकलला गेला, पण टळला नाही. आळीपाळीने स्पर्धा मिटली असे वरून दिसत होते. वस्तुतः प्रत्येक सामना ही दोघांची परीक्षा होऊन बसली होती, आणि निकाल कधी लागणार ते दोघांनाही माहीत नव्हते.

जर्मनीत हाच खेळ थोड्या वेगळ्या रीतीने झाला. युर्गेन क्लिन्समन यांनी २००४ पासून ऑलिव्हर कान आणि येन्स लेहमन यांना आलटून पालटून संधी दिली. मात्र २००६ च्या एप्रिलमध्ये, विश्वचषकाच्या दोन महिने आधी, लेहमनचे नाव जाहीर करून टाकले. कानला तो घाव मोठा होता. तरीही ३० जून रोजी बर्लिनमध्ये अर्जेंटिनाविरुद्ध पेनल्टींची वेळ आली तेव्हा तो लेहमनपाशी गेला आणि त्याच्याशी हस्तांदोलन केले. लेहमनने दोन फटके अडवले, जर्मनी जिंकली. निर्णय स्पष्ट असला म्हणजे हरलेल्या माणसालाही मोठेपणा दाखवण्यास जागा मिळते.

आता दुसऱ्या बाजूचा सर्वांत बळकट पुरावा पाहू. रेआल माद्रिदने २०१३–१४ च्या हंगामात कार्लो अँचेलोत्ती यांच्या हाताखाली लीगचे बहुतेक सामने दिएगो लोपेसकडे, आणि युरोपीय चँपियन्स लीग व स्पेनचा राजचषक इकेर कासियासकडे सोपवले. दोन्ही चषक माद्रिदला मिळाले. लिस्बनच्या अंतिम सामन्यात कासियास पुढे धावून फसला आणि अ‍ॅटलेटिकोचा गोल झाला, हेही खरे. रामोसने अगदी शेवटच्या क्षणी बरोबरी केली म्हणून तो बचावला. पुढच्या वर्षी बार्सिलोनाने तीच वाटणी केली. क्लाउदिओ ब्राव्हो लीगच्या ३८ पैकी ३७ सामने खेळला. चँपियन्स लीग आणि राजचषक मार्क-आंद्रे टेर स्टेगनने सांभाळले. त्या हंगामात बार्सिलोनाने या तिन्ही स्पर्धा जिंकल्या. आळीपाळीने संघ बुडतो असे म्हणणाऱ्याला हे उत्तर पुरेसे आहे.

पण येथे बारकाईने पाहिले पाहिजे. ही आळीपाळी नव्हतीच. ही वाटणी होती. कोणता सामना कोणाचा, हे प्रत्येकाला आधीपासून ठाऊक होते. एका चुकीमुळे पुढचा सामना हातचा जाईल ही धास्ती त्यात नव्हती. आणि तरीही वाटणी टिकली किती? लोपेस २०१४ साली मिलानला गेला, कासियास २०१५ साली पोर्टोला, ब्राव्हो २०१६ साली मँचेस्टर सिटीला. दोन-तीन वर्षांत दोन्ही घरांतली वाटणी मोडली.

पॅरिसने २०२१–२२ मध्ये केलर नावास आणि जानलुइजी डोनारुम्मा यांना बरोबरीने वापरले. लीग त्यांनी जिंकली. परंतु ९ मार्च २०२२ रोजी माद्रिदमध्ये, दोन सामने मिळून दोन गोलांची आघाडी असताना, बेन्झेमा अंगावर धावून येताच डोनारुम्माच्या पायातून चेंडू निसटला आणि तेथून सारे चित्र पालटले. एका चुकीवरून पद्धतीला दोष देता येत नाही, हे आम्ही वर म्हटलेच आहे. मात्र त्याच उन्हाळ्यात क्लबाने डोनारुम्मा पहिला गोलरक्षक असल्याचे जाहीर केले, हे बोलके आहे. आर्सेनलच्या मिकेल अर्तेता यांनी २०२३ मध्ये चालू सामन्यातसुद्धा गोलरक्षक बदलता येईल अशी कल्पना मांडली. प्रत्यक्षात डेव्हिड राया कायम झाला आणि अ‍ॅरन रॅम्सडेल पुढच्या वर्षी क्लब सोडून गेला.

असे वारंवार का व्हावे? कारण गोलरक्षक एकटा खेळत नाही. बाजूने उंच आलेला चेंडू त्याचा की बचावातल्या गड्याचा, हे क्षणार्धात आणि बहुधा एका हाकेवर ठरते; ती हाक ओळखीची असावी लागते. १९९२ साली, सहकाऱ्याने पायाने मुद्दाम मागे दिलेला चेंडू हातात घेण्यास गोलरक्षकाला बंदी झाली, आणि तेव्हापासून त्याचे व बचावफळीचे नाते अधिकच घट्ट झाले. कोणत्या पायावर चेंडू द्यावा, तो किती पुढे उभा असतो, दडपणाखाली काय करतो, हे सारे सवयीने कळते. दर आठवड्याला माणूस बदलला तर पुढच्या चौघांना दोन भाषा शिकाव्या लागतात.

आपल्याकडील किल्ल्यांच्या कारभारात अधिकाऱ्यांच्या ठराविक काळाने बदल्या कराव्यात, असा दंडक आज्ञापत्रात सांगितला आहे. तो शहाणपणाचा होता. एका जागी मूळ धरून बसलेला माणूस आपले हितसंबंध निर्माण करतो. पण ती बदली वर्षांच्या मुदतीची होती. आज दरवाजा एकाकडे, उद्या दुसऱ्याकडे, परवा पुन्हा पहिल्याकडे, असे कोणी सुचवले नव्हते.

तेव्हा आमचे मत असे. हंगामात साठाच्या घरात सामने खेळणाऱ्या क्लबाने दुसऱ्या गोलरक्षकाला एखादी स्पर्धा नेमून द्यावी. तो तयार राहतो, पहिल्याला विसावा मिळतो, आणि दुखापतीच्या दिवशी क्लब उघडा पडत नाही. ती वाटणी हंगामाच्या आरंभी दोघांना समक्ष सांगावी आणि एखाद्या वाईट दुपारीमुळे मोडू नये. परंतु सामन्यागणिक पाळी लावणे हे व्यवस्थापकाने आपला निर्णय दोन खेळाडूंच्या खांद्यांवर ढकलणे होय. त्यात दोघांनाही अर्धा विश्वास मिळतो, आणि अर्ध्या विश्वासावर कोणाचेही पाय दरवाजात घट्ट रोवले जात नाहीत. ज्याला निवडायचे नाही त्याला तसे वेळेवर, तोंडावर सांगणे कठीण असते. पण त्या माणसाची कारकीर्द मोजक्या वर्षांची असते, आणि दुसऱ्या दरवाजाचा शोध घेण्यासाठी ती वर्षे त्याच्या हाती राहिली पाहिजेत. सतरा वर्षांच्या शिल्टनसाठी लेस्टरने बँक्सला निरोप दिला, तेव्हा बँक्सला स्टोकचा दरवाजा मिळाला. क्लेमन्सला मात्र पाच वर्षे अर्धा दरवाजा मिळाला, आणि जेव्हा खरा सामना आला तेव्हा तोही मिळाला नाही.