मजकुराचा ढीग पुरत नाही

भाषावैज्ञानिकांची गरज संपली, असं हल्ली चांगली जाणती माणसंही म्हणतात. यंत्राला व्याकरण शिकवायला नको, ढीगभर मजकूर द्या, बाकीचं ते आपलं आपण शिकतं, असा हा पूर्वपक्ष. तो पोकळ नाही. 1954 साली जॉर्जटाउन विद्यापीठ आणि आयबीएमने रशियनचं इंग्रजी भाषांतर यंत्राकडून करून घेतलं, ते व्याकरणाच्या अवघ्या सहा नियमांवर. त्यातून फुगलेल्या आशांवर यंत्रभाषांतराची झडती घेणाऱ्या 1966 च्या ‘अल्पॅक’ अहवालाने पाणी ओतलं. पुढे आयबीएममध्येच फ्रेडरिक जेलिनेक यांच्या गटाने उच्चार ओळखण्यासाठी संख्याशास्त्र वापरलं आणि नियम लिहिणारे मागे पडले. एवढं मान्य. पण नियम लिहिणं हे भाषाविज्ञानाचं एक काम. ते फसलं म्हणून सगळं शास्त्र निकालात काढणं म्हणजे एक औषध लागू पडलं नाही म्हणून शरीरशास्त्रच नाकारणं.

आधी मोजपट्टीच घ्या. बोललेलं लिहून काढणारं यंत्र किती चुकतं, हे त्याचा मजकूर माणसाने लिहिलेल्या मजकुराशी शब्दागणिक ताडून ठरवतात. बाई म्हणते, ‘मी काम केलं.’ यंत्र इमानाने ‘केलं’ लिहितं. ताडायच्या मजकुरात प्रमाणलेखनानुसार ‘केले’ असतं. झाली चूक! (या हिशेबाने प्रस्तुत लेखही चुकांनी बरबटलेला निघेल.) ‘घरासमोरच्यांनासुद्धा’ हा आपल्याकडे एक शब्द, त्यातला एक उकार हुकला की अख्खा शब्द बाद. इंग्रजीत तोच आशय पाच-सहा शब्दांत विखुरतो, त्यातला एखादा चुकला तर बाकीचे तरतात. मग दोन भाषांची टक्केवारी शेजारीशेजारी मांडून ‘मराठीत यंत्र कच्चं आहे’ म्हणणाऱ्याने नेमकं काय मोजलं? कशाला चूक म्हणायचं आणि कशाला पर्याय, शब्द कुठे तोडायचा, हे कुणीतरी ठरवतंच. जो ठरवतो तो भाषाविज्ञानच करत असतो. शिकलेला नसेल तर वाईट करतो, एवढंच.

मजकूरही वाटतो तितका निर्मळ नसतो. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांत केवढा फरक! त्या ‘दऱ्या’मधला आडवा र युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: नुक्त्याच्या ‘र’चा पाय मोडून, किंवा साध्या ‘र’चा पाय मोडून पुढे एक अदृश्य जोडचिन्ह ठेवून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र दोन वेगळे शब्द. ते आधी एकरूप केले नाहीत, तर शोधताना निम्मे हाती लागत नाहीत.

यावर उत्तर ठरलेलं: आणखी मजकूर ओता. इंग्रजीपुरतं ते चालेल. अहिराणीत काय ओतणार? 2011 च्या जनगणनेत 16 लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली, पण छापील अहिराणी फार थोडी. त्यातही जनगणना तिला मराठीत न धरता ‘खानदेशी’ या वेगळ्या भाषेखाली ठेवते, तर मालवणी कोकणीखाली जाते. मराठी अभ्यासक दोन्हींना सर्रास मराठीच्या बोली म्हणत आले आहेत. मराठीच्या यंत्राला या बोली कळाव्यात की नाही, हा प्रश्न ढीग वाढवून सुटणार नाही. खात्यांच्या आणि कंपन्यांच्या याद्यांत कोणती भाषा शिरते, यावर पैसा ठरतो आणि पैशावर मजकूर.

इथे भाषावैज्ञानिकांनाही एक टोमणा मारायला हवा. त्यांच्यातले काही परिभाषेच्या तटबंदीत इतके रमले, की मोबाइलच्या कळफलकाकडे पाहायला त्यांना सवड झाली नाही. पण सगळे तसे नाहीत. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण केलं आणि गावोगावचं बोलणं ध्वनिमुद्रित करून लोकांना खुलं केलं. अशा ध्वनिमुद्रणातला कुठला फरक बोलीचा आणि कुठला एकट्या बोलणाऱ्याच्या पडलेल्या दातांचा, हे यंत्राला आधी कुणीतरी सांगावं लागतं.